एच-१बी, इथल्या लोकांच्या नोकऱ्या आणि मी घेतलेली केटी

वळचण

एच-१बी, म्हणजे परदेशी कुशल माणूस अमेरिकेत कामाला आणायचा व्हिसा. त्याच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये लावलेल्या एक लाख डॉलरच्या शुल्कावरून दुसऱ्या धाग्यावर बरीच बाचाबाची झाली. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय. व्हिसा वाढवले तर अमेरिकेतल्या लोकांच्या नोकऱ्या जातात की वाढतात, हा प्रश्न मी वीस वर्षं मनात घेऊन फिरतोय. कारण मी एकीची नोकरी जाताना शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

२००६ च्या ऑक्टोबरात पुण्याहून कनेक्टिकटला ऑनसाइट आलो. क्लायंट विम्याची कंपनी. पॉलिसी नूतनीकरणाची सगळी सिस्टीम मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या मोठ्या संगणकावर, कोबॉल नावाच्या जुन्या संगणकभाषेत. ती सांभाळणाऱ्या बाई बावीस वर्षं तिथे होत्या. मला त्यांच्याकडून अकरा आठवड्यांत केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, त्यांचं सगळं काम शिकून घ्यायचं होतं. डिसेंबरअखेर त्यांची नोकरी संपणार हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी कॉफीचं मशीन कसं चालवायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या, बस, सुरू करू.

रात्री दोनला बॅच, म्हणजे दिवसभराची कामं एकापाठोपाठ उरकणारे प्रोग्रॅम, चालायची. ती मध्येच पडली की सकाळी नूतनीकरणाच्या नोटिसा छापल्या जायच्या नाहीत आणि गिऱ्हाइकांचा विमा खंडित व्हायची वेळ यायची. बाईंकडे निळ्या पुठ्ठ्याची एक स्पायरल वही होती. बावीस वर्षांत कुठला जॉब कुठल्या रात्री का पडला, काय केलं, सगळं त्यात. 'एस-झीरो-सी-सेव्हन' आला, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलंय, तर आधी कुठली फाइल उघडायची हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. ते त्या वहीत होतं. त्यांनी ती मला पानापानाने समजावली. सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारे पैसे, मिळण्यासाठी त्यांना एका कागदावर सही हवी होती, 'केटी पूर्ण झाली' अशी. ती सही माझी. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो.

एच-१बीवर माणूस आणला की कामाच्या जागी नोटीस लावावी लागते: हुद्दा, पगार, मुदत. आमची नोटीस पॅन्ट्रीतल्या बोर्डावर होती, अग्निशमनाच्या नकाशाशेजारी. माझा पगार ६०,५०० डॉलर. मला वाटलं, कंपनीने भलं केलं, पुण्याच्या मानाने केवढा आकडा! साठ हजारच का, हे कळायला पुढे सहा-सात वर्षं लागली. १९९८ च्या कायद्यात असं आहे की ज्या कंपनीत एच-१बीवाल्यांचं प्रमाण फार आहे, तिला लिहून द्यावं लागतं की आम्ही इथल्या माणसाला काढून याला बसवत नाही, आमच्या क्लायंटकडेसुद्धा नाही. पण माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर दिले, किंवा तो मास्टर्स असला, तर हे लिहून द्यायची गरज नाही. म्हणजे तो साठ हजारांवरचा पगार माझ्यासाठी नव्हताच. त्या पगारामुळे त्या बाईंना काढणं कायदेशीर झालं. तो साठ हजारांचा आकडा आजही तोच आहे. १९९८ चे साठ हजार म्हणजे आजचे जवळजवळ दुप्पट होतात, तरी कोणी हात लावलेला नाही.

हे एकट्या माझ्या क्लायंटकडचं नाही. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये २०१४-१५ मध्ये सुमारे अडीचशे आयटीवाल्यांना असंच आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवून जावं लागलं. काही जण कोर्टात गेले, २०१६ मध्ये दावे फेटाळले गेले. कायदा मोडलेलाच नव्हता.

आता दुसरी बाजू, तीही माझ्याच आयुष्यातली. २०१२ मध्ये मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत थेट नोकरीला लागलो. आम्ही तेव्हा नऊ जण होतो, आता एकशे चाळीस आहोत, त्यातले शंभरावर इथेच जन्मलेले. सुरुवातीच्या नवांपैकी चार जण एच-१बीवर होते. ते चौघे मिळाले नसते तर कंपनी उभी राहिली असती का? मालक स्वतः सांगतो, नसती. म्हणजे तोच व्हिसा, तोच मी. एका जागी एक नोकरी खाल्ली, दुसऱ्या जागी शंभरांना हातभार लावला.

माझं मत फिरत फिरत इथे येऊन थांबलंय. ज्या व्हिसावर माणूस मालकाला बांधला जातो, तो व्हिसा इथल्या माणसाची मजुरी खाली ओढतो. बांधलेला माणूस पगार मागत नाही, सुट्टी मागत नाही, नाही म्हणत नाही. आणि जो नाही म्हणत नाही त्याच्या शेजारी बसलेल्यालाही नाही म्हणता येत नाही. व्हिसा खुशाल वाढवा, पण माणसाच्या नावाने द्या, कंत्राटाच्या नावाने नको. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

पिंपळपान

धागा प्रामाणिक आहे, म्हणून लिहितो. मी उलटा प्रवास केला. अकरा वर्षं तिकडे, २०१९ पासून पुण्यात, बालेवाडीत एका जीसीसीमध्ये, म्हणजे अमेरिकी कंपनीच्या इथल्या ऑफिसात. एक गोष्ट डोळ्यांनी पाहतोय: व्हिसा बंद केला म्हणून काम अमेरिकेत राहत नाही. सप्टेंबर २०२५ च्या त्या शुक्रवारी शुल्काची घोषणा झाली. आमचे दोघे जण सुट्टीवर इकडे आलेले, रात्रीतून तिकिटं काढून पळाले. पुढे खुलासा आला की जुन्यांना आणि नूतनीकरणाला ते लागू नाही. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये तिकडून पहिला प्रश्न आला: या तिमाहीतल्या सात जागा पुण्यात भरता येतील का? भरल्या. त्या सात जागा तिकडच्या कुणालाही मिळाल्या नाहीत.

गोदावरी_खोरे

+१ पिंपळपान. हिंजवडीच्या रस्त्यावरची गर्दी तिकडच्या संसदेला दाखवा.

रानवाट

अभ्यास काय सांगतात ते थोडं मांडतो, कारण या विषयावर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा एकच पेपर नाचवतात.

जोव्हानी पेरी, केव्हिन शी आणि चॅड स्पार्बर यांनी १९९० ते २०१० मधल्या अमेरिकी शहरांचा हिशेब मांडला. ज्या शहरांत परदेशी विज्ञान-तंत्रज्ञानवाले जास्त आले, तिथल्या पदवीधर स्थानिकांचे पगार वाढले. मग डोरन, गेल्बर आणि इसेन यांनी फार हुशारीने लॉटरीच वापरली. वर्षाला ठरावीकच नवे एच-१बी मिळतात, तो कोटा. २००६ आणि २००७ च्या कोट्यातल्या काही व्हिसांसाठी सोडत निघाली होती. जिंकलेली आणि हरलेली कंपनी यांत फरक फक्त नशिबाचा, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. त्यांना दिसलं की एक एच-१बी मिळाला की त्या कंपनीत दुसऱ्या कुणाची तरी जागा बऱ्याच अंशी कमी होते. एकूण माणसं फारशी वाढत नाहीत. आणि २००८ च्या कोट्यासाठी २००७ मध्ये जी लॉटरी निघाली तिच्यावर नंतर जो अभ्यास झाला त्यात उलट आलं: जिंकलेल्या कंपन्या वाढल्या, स्थानिक पदवीधरांना हटवल्याचं दिसलं नाही.

मग खरं काय? माझ्या समजुतीने प्रत्येकाची चाळणी वेगळी आहे. शहराच्या चाळणीत कॉफीवाला, वकील, शाळेतली बाई, नवी कंपनी सगळे येतात. कंपनीच्या चाळणीत फक्त ती कंपनी. आणि तिसरी चाळणी व्यवसायाची. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांनी १९९४ ते २००१ चा काळ घेतला. त्यांच्या हिशेबाने परदेशी संगणकवाले आलेच नसते तर २००१ मध्ये अमेरिकी संगणकवाल्यांचा पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असता आणि त्यांची संख्या ६.१ ते १०.८ टक्के जास्त. पण त्याच पेपरात हेही आहे की वस्तू-सेवा स्वस्त झाल्या, कंपन्यांचा नफा वाढला आणि इतर बऱ्याच जणांचं भलं झालं. म्हणजे फायदा पसरट आणि पातळ, तोटा मोजक्या माणसांवर आणि जाड. वळचण यांच्या त्या बाई या जाड थरात सापडल्या.

पिंपळपान जे म्हणतात त्यालाही आधार आहे. ब्रिटा ग्लेनन यांचा अभ्यास: २००४ पासून कोटा १,९५,००० वरून ६५,००० वर आला तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारत, चीन आणि कॅनडातल्या शाखांत माणसं वाढवली.

सदाफुली

खूप दिवसांनी इथे लिहितेय. हात थोडे थरथरताहेत, पण लिहिते.

वळचण, तुम्ही त्या बाईंबद्दल लिहिलंत आणि मला माझा मुलगा दिसला. मिस्टर १९९९ मध्ये एच-१बीवर आले. तेव्हा कोटा एक लाख पंधरा हजार होता, वायटूकेची, म्हणजे सन २००० साठी संगणक दुरुस्त करायची, धामधूम होती, आठ दिवसांत नोकरी ठरली. मुलगा इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये जन्मला. स्टेट युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्स, २०२४ मध्ये पास झाला. मार्क चांगले. दीड वर्ष झालं. अर्जांची यादी तो एका शीटमध्ये ठेवतो, तीनशे ओळी झाल्यावर मी बघायचं सोडलं. आता एका गोदामात सामान चढवायची शिफ्ट करतो. पहाटे पाचला डबा घेऊन जातो. पोळी-भाजी नको म्हणतो, सँडविच दे म्हणतो, उभ्याने खाता येतं म्हणून.

मंडळाच्या गणपतीत कुणी त्याला 'काय करतोस' विचारलं की तो पाणी आणायला निघून जातो.

मला विचारायचंय ते हे. तुम्ही सगळे 'तिकडचे' आणि 'इथले' म्हणताय. माझा मुलगा कोण? त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. त्याच्याबरोबर मुलाखतीला बसणारी मुलं ओपीटीवर आहेत, म्हणजे शिक्षण झाल्यावर काही काळ इथे काम करायच्या विद्यार्थ्यांच्या परवान्यावर. त्यांना घेतलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कंपनीला भरावे लागत नाहीत, हे मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं. माझ्या मुलाला घेतलं की भरावे लागतात. आणि ती मुलंही आपलीच आहेत, नांदेडहून, साताऱ्याहून कर्ज काढून आलेली. त्यातल्या एकीला आम्ही वर्षभर घरी ठेवलं होतं. मी कुणाच्या वाईटावर नाही हो. पण रात्री झोप येत नाही.

अबोली_इन_डॅलस

सदाफुलीमावशी, मी त्याच मुलींपैकी एक आहे. परभणीची. वडिलांनी शेत गहाण ठेवून बेचाळीस लाखांचं कर्ज काढलंय. ओपीटीचं पहिलं वर्ष आणि पुढची चोवीस महिन्यांची मुदतवाढ धरून माझ्याकडे दीड वर्ष उरलंय. एकदा लॉटरीत नाव आलं नाही. २०२६ पासून लॉटरीही बदलली: पगाराच्या चार पायऱ्या, चौथ्या पायरीवाल्याच्या चार चिठ्ठ्या, पहिल्या पायरीवाल्याची एक. नवखी माणसं पहिल्या नाहीतर दुसऱ्या पायरीवरच असणार ना?

त्या ७.६५ टक्क्यांबद्दल मला माहीत होतं. कुणाची जागा घेतेय असं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतंय. काय लिहू कळत नाही. त्याला माझ्याकडून सांगा की मीही तीनशेच्या वर अर्ज केले.

जुनासोलापूरकर

भावनिक होऊन चालत नाही. इथली मुलं मेहनत करत नाहीत, आपली करतात. बाजार आहे, जो चांगला तो टिकेल.

सदाफुली

@जुनासोलापूरकर, पहाटे पाचची शिफ्ट करणाऱ्या मुलाला मेहनत शिकवू नका.

रानवाट

जुनासोलापूरकर, बाजार म्हणायला इथे बाजार तरी कुठे आहे? लॉटरी आहे. २०२४ च्या कोट्यासाठी ७,८०,८८४ नोंदण्या आल्या, जागा ८५,००० (६५,००० अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांच्या २०,०००). त्यातल्या चार लाखांहून जास्त नोंदण्या अशा, ज्यांत एकाच माणसाची अनेक कंपन्यांकडून नावं घातलेली. पुढच्या वर्षी माणसागणिक एकच चिठ्ठी केली, तर आकडा धाडकन खाली आला आणि २०२६ च्या कोट्याला साधारण ३ लाख ४४ हजारांवर. एवढी हवा भरलेली होती. ज्यांनी एक-एक माणूस पाच-पाच पत्त्यांवरून घातला त्यांनी परभणीच्या मुलीचंही नुकसान केलं आणि प्रामाणिकपणे एकच अर्ज करणाऱ्या कंपनीचंही.

सदाफुलीताई, एक मात्र मनापासून सांगतो. तुमच्या मुलाचा सगळा भार व्हिसावर टाकता येणार नाही. न्यूयॉर्क फेडने (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेने) २०२५ मध्ये जे आकडे दिले त्यात नुकत्याच पदवीधर झालेल्या संगणकशास्त्राच्या मुलांची बेरोजगारी ६.१ टक्के होती आणि संगणक अभियांत्रिकीची ७.५. पण ८५,०००चा कोटा तर २००५ पासून तोच आहे, आणि २०२१ मध्ये याच मुलांना कंपन्या हात जोडून बोलवत होत्या. मध्ये काय बदललं? व्याजदर चढले, साथीच्या काळातली जादा भरती उतरवली, आणि नवशिक्यांना द्यायचं काम आता एआय उरकतो. एक कोपऱ्यातलं कारणही आहे, करकायद्याचं कलम १७४. २०२२ पासून सॉफ्टवेअर बनवायचा पगार त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येईना, देशातल्या कामासाठी पाच वर्षांत विभागून दाखवावा लागे. काही छोट्या कंपन्यांनी त्या पायी माणसं घेणं थांबवलं. २०२५ च्या जुलैत ते दुरुस्त केलं, पण तुमच्या मुलाची पदवी नेमकी त्या काळात पडली.

काळीमाती

आयटीच्या बाहेरचं लिहितो. मी डॉक्टर, लातूरचा. रेसिडेन्सी, म्हणजे इथलं डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण, जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर केली. नियमाने दोन वर्षं परत जायचं होतं, पण कॉनरॅड-३० म्हणून सवलत आहे: प्रत्येक राज्य वर्षाला तीस डॉक्टरांना ती देऊ शकतं, अट अशी की डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं एच-१बीवर काम करायचं. मी नेब्रास्कातल्या एका छोट्या गावात आलो. तीन वर्षांची आता नऊ झाली.

मी यायच्या आधी चौदा महिने तिथे पूर्णवेळ फिजिशियन नव्हता. प्रसूतीची बाई सव्वा तास गाडी चालवून जायची. मी आलो तेव्हा रुग्णालयाने बंद ठेवलेल्या खाटा पुन्हा सुरू केल्या. त्यासाठी सहा नर्स, लॅबचे दोघे, एक फार्मसिस्ट आणि स्वयंपाकघरात एक बाई घेतली. सगळे त्याच काउंटीतले, पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणाऱ्या घरांतले. इथे माझ्या येण्याने नोकरी गेलेला माणूस शोधून सापडणार नाही. माझ्यासारख्या आधीच देशात असलेल्याला सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतलं शुल्क लागू नाही, पण तिच्यानुसार बाहेरून थेट डॉक्टर आणायचा तर एक लाख डॉलर. आमच्या रुग्णालयाचं नवं क्ष-किरण यंत्र दोन वर्षं पैशासाठी अडून आहे.

एकाच व्हिसाच्या डब्यात कोबॉल, शिक्षक, डॉक्टर, संशोधक सगळे कोंबायचे आणि मग 'एच-१बी चांगला की वाईट' विचारायचं, याला काय अर्थ आहे?

पिंपळपान

काळीमाती, पटलं.

आपल्याकडचा एक धागा यात जोडावासा वाटतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. माझं कॉलेज त्यातलंच, माळरानावर पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेलं. नव्वदच्या दशकात तिथे कॉम्प्युटरला गर्दी का होती? अमेरिकेला जायला मिळेल म्हणून. आमच्या वर्गातल्या साठांपैकी नऊ गेले. उरलेल्या एक्कावन्नांनी इथेच काम धरलं. खन्ना आणि मोरालेस यांनी नेमका हाच मुद्दा मांडलाय: तिकडच्या व्हिसाच्या आशेने इकडे पोरं संगणक शिकली, बहुतेकांना व्हिसा मिळाला नाही, काही परतले, आणि त्यातून भारतातलं आयटी वाढलं. तिकडचा कोटा वाढला की इकडची हुशार माणसं जातात, ही ओरड मी लहानपणापासून ऐकली. प्रत्यक्षात आमच्या गल्लीत उलटं झालं.

वळचण

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सदाफुलीताई आणि अबोली, तुम्ही दोघी एकाच धाग्यावर बोललात याचं मला फार मोल वाटतं.

रानवाट, तुमची चाळण्यांची मांडणी मला पटली, पण एक भर घालतो. 'पसरट फायदा आणि जाड तोटा' म्हटल्यावर तोटा झालेल्याला काहीतरी पोचवायला हवं ना? त्याची सोय कायद्यात कागदावर आहे. एच-१बीच्या अर्जामागे मोठी कंपनी १,५०० डॉलर आणि छोटी ७५० डॉलर भरते, ते पैसे इथल्या लोकांच्या प्रशिक्षणाला आणि गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला जातात. माझ्या नावानेही भरले गेले. त्या बाईंपर्यंत त्यातला एक डॉलर पोचला नाही. त्यांना प्रशिक्षण हवंच नव्हतं. त्या प्रशिक्षण देत होत्या.

मालकाला बांधलेला माणूस म्हणजे काय ते अजून थोडं लिहितो, कारण बाहेरून ते दिसत नाही. कायद्याने नोकरी बदलता येते. पण नव्या मालकाने पुन्हा अर्ज करायचा, ग्रीन कार्डची प्रक्रिया पुन्हा सुरू करायची. नोकरी गेली तर साठ दिवस. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात बायको-मुलंही धरलेली, आणि एका देशाला सात टक्क्यांच्या आसपास. म्हणून भारतीय माणूस दहा-दहा, बारा-बारा वर्षं रांगेत. २००९ मध्ये पगारवाढ न देता माझ्याकडून दोन माणसांचं काम करून घेतलं गेलं. मी केलं. शेजारचा अमेरिकन मॅनेजरकडे गेला की हे फार होतंय, तर त्याला माझ्याकडे बोट दाखवलं गेलं. तो माझ्यावर चिडला आणि मला त्याचा राग आला. आम्हा दोघांना एकमेकांसमोर उभं करणारा कागद तिसऱ्याच्या कपाटात होता.

म्हणून कोटा ८५ हजार की दीड लाख यापेक्षा मला तीन गोष्टी हव्यात. तो साठ हजारांचा आकडा आजच्या भावाने वर न्या. क्लायंटकडे बसवायच्या माणसासाठी 'इथल्याला काढणार नाही' हे लिहून घेण्यातून कुणालाच सूट नको. आणि रांगेतल्या माणसाला अर्ज आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया पुन्हा न करता नोकरी बदलू द्या. एवढं केलं तर स्वस्त म्हणून कुणी परदेशी माणूस आणणार नाही, हवा म्हणून आणेल.

गोदावरी_खोरे

हे जमलं तर माझ्यासारख्या अर्ध्या कन्सल्टन्सीवाल्यांचा व्हिसाच येणार नाही, हे लक्षात आहे ना? मी तिथूनच आलोय. घर त्यावर उभं राहिलं.

वळचण

आहे लक्षात. मीही तिथूनच आलो. २००६ मध्ये हा नियम असता तर मी पुण्यातच राहिलो असतो आणि कदाचित पिंपळपानांच्या टीममध्ये असतो. तरीही हेच म्हणेन.

सदाफुली

वळचण, विचारू की नको असं झालंय. त्या बाईंचं पुढे काय झालं?

वळचण

मधे एकदाच बोलणं झालं, २००८ च्या नाताळात, मीच फोन केला. गावच्या शाळांच्या ऑफिसात लागल्या होत्या, पगार जवळजवळ निम्मा. आवाजात राग नव्हता. त्यांनी आधी विचारलं, बॅच नीट चालते का. मी सांगितलं, मार्चमध्ये एकदा पडली होती, तुमच्या वहीतल्या चाळिसाव्या पानावरचंच निघालं. त्या हसल्या.

वही माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी सही झाल्यावर त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि कोट चढवला. मी परत द्यायला मागे धावलो, तर म्हणाल्या, मला आता कुठे लागणार आहे.

ताई, एक सुचवतो, राग मानू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा आपल्याच राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर मर्फी टीव्हीवर येऊन कोबॉल येणारे स्वयंसेवक मागत होते. चाळीस वर्षं जुनी सिस्टीम, सांभाळायला माणूस नाही. सरकारी खात्यांत, बँकांत, विम्यात हे काम अजून भरपूर आहे. ते करणारे निवृत्त होताहेत आणि नवीन मुलांना कुणी शिकवत नाही. सरकारी कामांत बऱ्याच ठिकाणी व्हिसावाला चालत नाही, नागरिक लागतो. तुमच्या मुलाला कॉम्प्युटर सायन्स येतंच, कोबॉल तीन-चार महिन्यांत येईल. मेनफ्रेमचा सराव करायला मोफत सोय मिळते, ती मी लावून देतो. नोकरीची खात्री देत नाही. शिकवायची देतो. वही स्कॅन करून ठेवलीय, पण मूळच देईन म्हणतो.

अबोली, तुला यायचं असेल तर तूही ये. एकाला शिकवायचं तेवढ्यात दोघांना होईल.

अबोली_इन_डॅलस

काका, येते. ऑनलाइन चालेल ना?

सदाफुली

त्याला आत्ताच विचारलं. आधी 'कोबॉल म्हणजे काय' म्हणाला, मग धागा वाचायला मागितला. मराठी सावकाश वाचतो, अर्धा तास लागला. म्हणाला, त्या बाईंच्या वहीत चाळिसाव्या पानावर काय होतं ते विचार.

शनिवारी त्याची शिफ्ट दोनला सुटते. साडेतीनला फोन केला तर चालेल का?

वळचण

चालेल. साडेतीन.